मोतीच्या जेवणात रोज एक भाजीची वडी

रोज तोच चिकन-भात पाहून आमचा कुत्रा मोती ताटली हुंगून निघून जायचा. एकदम नवं काही दिलं की पोट बिघडायचं. आता रविवारी ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून लाल भोपळा, गाजर, फरसबी आणते.

१. भाज्या मीठ-मसाल्याशिवाय वेगवेगळ्या उकडा, कुस्करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.
२. रात्री एक वडी फ्रीजमध्ये खाली काढा, सकाळी नेहमीच्या जेवणात कालवा.
३. नवी भाजी एका वेळी एकच, पहिले तीन-चार दिवस अर्धीच वडी. शी घट्ट राहिली तरच पुढची. इथे घाई नकोच.

भोपळ्याची केशरी वडी विरघळताना मोती ओट्याखालून हलत नाही!

कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे मात्र कुत्र्याला विषारी. घासभरही देऊ नका.