बेळगावच्या थंडीतली लांब धाव: अंधारात निघा, उन्हाची तयारी ठेवून

थंडीत धावण्याचे जे सल्ले मोबाइलवर वाचायला मिळतात, ते बहुतेक बर्फाच्या मुलखातले असतात. जाड जॅकेट, लोकरी हातमोजे, बुटांखाली लावायचे काटे. आपल्याकडे यातलं जवळपास काहीच कामाचं नाही. जानेवारीत बेळगावात पहाटे पारा १२-१४ अंशांवर असतो आणि दुपारी २९-३० पर्यंत चढतो. पावणेसहाला हुडहुडी भरलेला माणूस साडेआठला घामानं निथळत घरी येतो. म्हणून इथली तयारी पहिल्या दहा मिनिटांसाठी नाही, शेवटच्या तासासाठी करायची.

सलग १० किलोमीटर आरामात धावता येत असतील तरच लांब पल्ल्याच्या नादी लागा. दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवा आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी धावा.

रस्ता ठरवा

बारा किलोमीटरपर्यंत कॅम्पातले रस्ते किंवा टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मोकळं आवार उत्तम. झाडं आहेत, चालायला येणारी माणसं आहेत. त्यापुढे मला वेंगुर्ला रस्ता आवडतो. हिंडलगा, सुळगा करत उचगाव गाठायचं, मळेकरणी देवीच्या आमराईपाशी वळायचं आणि त्याच वाटेनं परत. शहरातून निघालात तर जाऊन-येऊन साधारण २० किलोमीटर भरतात. येळ्ळूरवरून राजहंसगडाची वाटही सुरेख आहे, पण तो चढ पाय तयार झाल्यावर घ्या. चढापेक्षा उतारच मांड्यांना जास्त त्रास देतो.

उचगावच्या वाटेवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. परतताना तोंड पूर्वेला असतं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि परतीचा बराच रस्ता तो थेट डोळ्यांवर येतो. झापाची टोपी न्याच. जाताना ती कमरेला अडकवली तरी चालेल.

आदल्या रात्री

नेहमीचा भात-आमटी किंवा भाकरी-भाजी, आठच्या आत. तांबडा रस्सा, चमचमीत मटण दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी राखा. कपडे, बूट, बॅटरी एका जागी काढून ठेवा. पहाटे पाचला मोजे शोधत बसलं की बेत बारगळतो.

अंगावर काय

घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल, तर अंगावर कपडे जास्त झालेत. घाम लवकर सुकवणारा पातळ टी-शर्ट, त्यावर सहज काढता येईल असा एक हलका पूर्ण बाह्यांचा थर, कानांवर पातळ पट्टी, एवढं पुरे. सुती बनियन नको. तो घाम धरून ठेवतो, वारा लागला की अंग गार पडतं आणि काखेत सालपटं निघतात. काखेत आणि जांघेत व्हॅसलीन लावायला विसरू नका.

निघताना

गार स्नायूंवर एकदम वेग लादू नका. पाच मिनिटं झपझप चाला, पाय मोकळे करा, मग पहिले दोन किलोमीटर अगदी सावकाश धावा. वेग किती ठेवायचा? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच. सकाळच्या गारव्यात दम लागत नाही, म्हणून पाय आपोआप पळू लागतात. त्याची किंमत परतीला उन्हात मोजावी लागते.

दमा असेल तर गार, कोरड्या हवेनं छाती आवळू शकते. तोंडावर पातळ रुमाल धरा, डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात हवाच.

उसाचे ट्रॅक्टर

इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. मागचे दिवे उसाच्या मोळ्यांत दडलेले असतात आणि बाजूला बाहेर आलेली उसाची टोकं माणसाच्या खांद्याच्या उंचीवर येतात. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा. ट्रॅक्टर जवळ आला की डांबर सोडून साइडपट्टीवर उतरा आणि दुसरी ट्रॉली पुढे जाईपर्यंत तिथंच थांबा. अंगावर चमकणारी पट्टी आणि डोक्याला बॅटरी हवी. कानात इअरफोन अजिबात नको, कारण ट्रॅक्टरवरची गाणी बऱ्याचदा दिव्यांच्या आधी ऐकू येतात.

पाणी आणि खाणं

थंडीत तहान जाणवत नाही, पण घाम जातच असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या, पोट डचमळेपर्यंत पिऊ नका. तासानंतर शरीराला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. दोन छोटी जवारी (गावठी) केळी आणि तीन-चार खजूर यांत काम भागतं. परतीच्या वाटेसाठी पाण्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू घाला.

पोचल्यावर

आधी ओला टी-शर्ट बदला, गप्पा नंतर. दहा मिनिटं चाला. तासाभरात नाश्ता करा; नाचणीची आंबील आणि दोन अंडी किंवा उसळ हा माझा आवडता बेत.

खिशात बसभाड्याचे पैसे ठेवा. गुडघ्यात किंवा नडगीत एकाच जागी टोचू लागलं, तर सुळग्याहून सरळ बस धरा. नुसते पाय भरून आले असतील तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास चाला. पुढची लांब धाव आठ दिवसांनी.