डोमेन घेताना या चुका टाळा: गाळा भाड्याचा चालेल, पाटी आपल्याच ताब्यात हवी

दिवाळीला तीन आठवडे होते. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा सकाळी सकाळी फोन. "अहो, आमची साईट उघडंना झालीय. गुजरातची पार्टी म्हणाली, तिथं कसल्यातरी जाहिराती दिसत होत्या." सांगलीत छोट्या दुकानदारांच्या वेबसाईट करून देणं हा माझा धंदा, त्यामुळे असे फोन नवे नाहीत. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: डोमेनची, म्हणजे साईटच्या नावाची, मुदत संपलेली असते, आणि ते मालकाच्या ताब्यात कधी नव्हतंच.

पेढीवर गेलो. लॉगिन मागितलं तर शेटनी ड्रॉवरमधून एक बिल काढून पुढं केलं. त्यावर 'वेबसाईट, संपूर्ण' एवढीच नोंद. साईट करणाऱ्या पोरानं डोमेन स्वतःच्या जीमेलवर घेतलेलं. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, आणि रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या इनबॉक्सात साचत राहिले. पोरानं फसवलं वगैरे काही नाही. काम झालं, पैसे मिळाले, विषय संपला, इतकंच.

ही पहिली चूक, आणि माझ्या मते बाकीच्या सगळ्या मिळून हिच्याएवढ्या महाग पडत नाहीत. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची जागा, हा दुकानाचा गाळा. गाळा बदलता येतो, पण पाटी गेली की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. लोक डोमेन 'विकत घेतलं' म्हणतात, पण तो भाडेपट्टाच असतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा. तो कुणाच्या हातात आहे ते ओळखायची सोपी खूण सांगतो: लॉगिन करताना ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? तुमच्या येत नसेल तर आजच बदलून घ्या. डोमेनची नोंद दाखवणारं 'हूइज' काढून भागत नाही. २०१८ पासून त्यात मालकाचं नाव बहुधा झाकलेलंच असतं. मुदतीची तारीख आणि डोमेन देणाऱ्या कंपनीचं नाव मात्र दिसतं.

मुदत संपली म्हणून डोमेन लगेच जात नाही. डॉट कॉमचं असेल तर साधारणपणे आधी सवलतीचे दिवस मिळतात, ४५ पर्यंत, पण किती द्यायचे ते कंपनीच्या मर्जीवर. त्यानंतर ३० दिवस 'रिडेम्प्शन': नाव परत मिळतं, पण जबर दंड भरून. शेवटी ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग नाव मोकळं. ऑटो-रिन्यू लावलंय म्हणून निवांत राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला तुमची मंजुरी लागते. कार्ड बदललं, मंजुरी राहिली, की वसुली अडकते. त्यापेक्षा ३-४ वर्षांचं एकदम भरा आणि मुदतीची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. मोबाईलमधल्या आठवणीपेक्षा भिंतीवरची तारीख घरातल्या चार जणांना दिसते.

आता नावाकडं येतो. कृष्णाकाठी निम्म्या दुकानांच्या नावात कृष्णा असतंच. पण इंग्रजीत लिहिताना 'के आर आय' की 'के आर यू'? बाहेरचं गिऱ्हाईक पहिलं टाइप करणार, आपल्याकडची बरीच मंडळी दुसरं. 'ज्ञानेश्वरी'ची सुरुवात 'डी एन वाय'नं की 'जी वाय'नं? 'वारणा'ला व्ही की डब्ल्यू? म्हणून नाव पक्कं करण्याआधी मिरजेच्या मामांना फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. मामा चुकले तर नाव बदला, नाहीतर दोन्ही स्पेलिंगं घ्या आणि एक दुसरीकडं वळवा. मधे आडवी रेघ घालू नका. फोनवर ती सांगताना दमछाक होते. डॉट कॉम मिळत नसेल तर डॉट इन घ्या, काही कमीपणा नाही. २०१४ पासून डॉट भारत देवनागरीतही मिळतं. हौसेनं घ्या, पण जोडनाव म्हणून; देवनागरी ईमेल पत्ता अजूनही बरेच फॉर्म स्वीकारत नाहीत.

एक राहिलं. नाव नोंदवल्यावर ईमेल पडताळणीचा मेल येतो. डॉट कॉमसाठी १५ दिवसांत त्यातल्या लिंकवर टिचकी मारली नाही तर चालू साईट बंद पडू शकते. स्पॅम बघा.

होस्टिंगचं थोडक्यात सांगतो. जाहिरातीतला भाव पहिल्या मुदतीचा असतो. दुसऱ्या वर्षी किती, ते आधी विचारा, आणि वर १८ टक्के जीएसटी धरा. 'अनलिमिटेड' म्हणजे जागा अमर्याद, पण फाईलींच्या संख्येला मर्यादा. ती अटींमध्ये बारीक अक्षरात असते. गिऱ्हाईक भारतातलं असेल तर सर्व्हर मुंबईचा घ्या. एसएसएलचे, म्हणजे जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागितले तर नाही म्हणा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं.

होस्टिंग बदलताना मात्र एक खड्डा आहे. विश्रामबागच्या एका हळद व्यापाऱ्यांनी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी (डीएनएस) ठेवणारे सर्व्हर, बदलले. साईट झकास उघडली, पण दोन दिवस एकही मेल नाही. राजापुरी हळदीच्या भावाची विचारणा करणारे मेल पाठवणाऱ्यांकडं परत जात होते, कारण मेल कुठं पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी नव्या जागी घातल्याच नव्हत्या. आधी जुन्या सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या, मगच हात लावा.

साईट बंद दिसली तर घाबरून होस्टिंगवाल्याला शिव्या घालायच्या आधी हे बघा: वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडते का? उघडत असेल तर गडबड तुमच्या जोडणीत. नाही उघडली तर हूइजमध्ये मुदत बघा. मुदत शिल्लक असेल आणि 'क्लायंट होल्ड' लिहिलेलं असेल तर डोमेन कंपनीनं अडवलंय. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत असेल तर बहुधा एसएसएल संपलंय. नेमसर्व्हर कालच बदललेत? मग ४८ तासांपर्यंत कळ काढा. होस्टिंगवाल्याचा नंबर त्यानंतर.

बॅकअप होस्टिंगवाल्याकडं असतो म्हणून गप्प बसू नका. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या वह्या आणि कॉम्प्युटर दोन्ही खालच्याच मजल्यावर होते, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. महिन्यातून एकदा साईटची प्रत उतरवून दुसऱ्या जागी ठेवा.

तासगावच्या शेटचं काय झालं? डोमेन रिडेम्प्शनमध्ये गेलं होतं. त्या पोराचा चुलता कवठेमहांकाळात सापडला, त्याच्याकडून नवा नंबर मिळाला. पोरगं भलं. पुण्यातून ओटीपीचे आकडे एकेक करून वाचत होतं, आणि शेट चष्मा कपाळावर सरकवून एका बोटानं टाइप करत होते. दंड भरला, खात्याचा मेल आणि मोबाईल दोन्ही शेटचे केले. साईट तिसऱ्या दिवशी उघडली. गुजरातच्या पार्टीनं तोवर माल दुसरीकडून उचलला होता.