गावच्या रेडिओवर गाणी लावताना या चुका टाळा

सामुदायिक रेडिओ स्टेशनला परवाना मिळाला, अँटेना उभा राहिला, की तिथले पोट्टे पहिला प्रश्न विचारतात, "सर, फॉर्मॅट कोणता ठेवायचा?" म्हणजे कोणती गाणी, कधी आणि कशी लावायची. उत्तर मिळेपर्यंत त्यांना दम नसतो. तोवर नागपूरच्या एखाद्या खासगी एफएमची नक्कल सुरूही झालेली असते. नवी हिंदी गाणी, दर दोन गाण्यांनंतर किंचाळणारं जिंगल, आणि मध्ये ट्रॅफिकवरचे विनोद. अरे, तालुक्याच्या गावात कुठलं आलं ट्रॅफिक?

शहरातलं गणित गाडीत बसलेल्या माणसावर बेतलेलं असतं. तो वीसेक मिनिटं ऐकतो आणि उतरतो. म्हणून तिथे तीच गाजलेली गाणी दिवसभर फिरवली तरी चालतात. आपल्याकडे ५० वॉटचा ट्रान्समीटर आणि दहा-बारा किलोमीटरची धाव. त्या टापूत सकाळी दहा ते पाच बाया वावरात असतात. निंदण असो की कापसाची वेचणी, धुऱ्यावर किंवा ओटीत फोन चालूच. म्हणजे तोच कान सलग पाच-सहा तास ऐकतो. त्याला दुपारपर्यंत एक गाणं तीनदा ऐकवलं की तो रेडिओ बंद करून मेमरी कार्डवरची गाणी लावतो, आणि परत येत नाही. वेचणीच्या हंगामात दुपारी एकदा वाजलेलं गाणं त्या दिवशी पुन्हा लावायचं नाही, हा माझा नियम. गाणी कमी पडतात म्हणून रडणाऱ्यांनी गाणी जमवावीत. त्याला आडवाट नाही.

फर्माईशीचे फोन मोजून फॉर्मॅट ठरवणं ही दुसरी चूक. फोन करणारे ठरावीक असतात, बहुतेक चौकातली रिकामी मंडळी. वेचणी करणारीचे दोन्ही हात बोंडात गुंतलेले असतात, ती फोन कशाला करेल? मी गाण्यांचं फोल्डर उघडण्याआधी कागदावर गावाचा दिवस लिहायला लावतो. दूध कधी काढतात, वावरात कधी निघतात, शाळा कधी सुटते, लाइट कधी जाते. आधी तो कागद, मग गाणी.

आता शफलविषयी, म्हणजे सॉफ्टवेअरनं फोल्डरमधून वाट्टेल ते गाणं उचलून लावणं. वर्धा आणि गडचिरोली हे दोन्ही दारूबंदीचे जिल्हे. त्यांतल्याच एका जिल्ह्यातल्या स्टेशनवर बचत गटाच्या बायांचा कार्यक्रम झाला. गावातली हातभट्टी त्यांनी कशी बंद पाडली, नवऱ्यांचे शिव्याशाप कसे सोसले, सगळं त्यांच्याच तोंडून. अर्धा तास फार चांगला झाला. कार्यक्रम संपला आणि ऑटोमेशननं, म्हणजे आपोआप गाणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरनं, 'हिंदी हिट' नावाच्या फोल्डरमधून पुढचं गाणं उचललं. बाटल्या फोडा, रात्रभर झिंगा, या थाटाचं. ड्युटीवरचा पोरगा चहाला गेलेला. गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाजलं.

दुसऱ्या दिवशी बाया दारात. "आमची टिंगल करून राहिले का भाऊ तुम्ही?" पोरगा म्हणाला, "मावशी, ते सॉफ्टवेअरनं लावलं." हे उत्तर ऐकून त्या आणखी भडकल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. पुढे कित्येक महिने त्या गटातली एकही बाई माइकपुढे बसली नाही. स्टेशननं उपाय काय केला, तर ते एक गाणं डिलीट केलं! फोल्डरमध्ये त्याची भावंडं तशीच.

माझी सवय जुनाट आहे. बोलका कार्यक्रम संपला की पुढची दोन गाणी हातानं लावायची, आणि ती आधीच वहीत पेन्सिलनं लिहून ठेवायची. फवारणीची माहिती, निधनवार्ता, दहावीचा निकाल, प्रत्येकानंतरचं गाणं वेगळं. फोल्डरची नावंही 'हिट' आणि 'जुनी' अशी ठेवू नयेत. 'पहाट', 'वावर', 'सांज', 'गंभीर' अशी ठेवावीत. न ऐकलेलं गाणं फोल्डरमध्ये टाकणाऱ्याला मी स्टुडिओत बसू देत नाही. शफल रात्री चालवा हवं तर.

'विदर्भाचं लोकसंगीत' असा एकच डबा करणारेही फार. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर रंगतो. तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे संध्याकाळी नाटकातली गाणी आणि दंडार, म्हणजे तिकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य, लावा, माणसं कान देतील. तेच बुलढाण्यात लावाल तर कोणी ओळखणार नाही. गोंडी गाणी लावायची तर बोलणारा निवेदकही गोंडीच हवा. मराठीतून कौतुक करणारा नको. भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, झडत्या, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणायची कवनं, पोळ्याला. मार्चमध्ये झडत्या लावणारा महाभाग मी ऐकला आहे. भीमगीतं फक्त १४ एप्रिलला आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं फक्त पुण्यतिथीला, हाही आळसच. दोन्हींना वर्षभर ऐकणारे आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं गाणं हवेत सोडू नका. फाइल लहान करायला दाबून दाबून त्यातला जीव गेलेला असतो.

लग्नातल्या डीजेचा पेन ड्राइव्ह आणू नका. गाण्यांचे हक्क असतात, त्यांचे परवाने घ्यावे लागतात. गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलंत तरी त्यांची लेखी संमती घ्या.

आणि हद्दीवरच्या गावांतून "गाण्यात खरखर येते" अशी तक्रार आली, की लगेच गाण्यांना दोष देऊ नका. स्टिरिओला (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज) मोनोपेक्षा (दोन्हीकडे एकच आवाज) बराच दमदार सिग्नल लागतो, कडेच्या गावात तो पोचत नाही. प्रसारण मोनो करून बघा. स्टुडिओतल्या पोरांचं तोंड वाकडं होईल, पण त्या गावांत गाणं स्वच्छ ऐकू येईल.