जुन्या पीसीवर अक्षरजुळणी : सॉफ्टवेअर कसे शोधावे आणि कसे निवडावे

लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी घेतलेला आणि आता पोटमाळ्यावर पडून असलेला एक्सटी किंवा एटी जातीचा (आयबीएमच्या जुन्या पीसींच्या घडणीचा) पीसी खाली उतरवला, पुसला, तो सुरू झाला आणि पडद्यावर डॉस या जुन्या कार्यप्रणालीचा सी प्रॉम्प्ट लुकलुकू लागला, की पुढचा प्रश्न येतो तो त्यावर करायचे काय हा. ज्याला छपाईची थोडीफार ओढ आहे, त्याने त्यावर अक्षरजुळणी करून पाहावी असे मी सुचवीन. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. निवडीची सुरुवात कागदापासून, म्हणजे प्रिंटरपासून करावी, तिथून लिपीकडे यावे आणि प्रोग्रामचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे. उदाहरणादाखल मी आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाची १६ पानी स्मरणिका डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण अध्यक्षांचे मनोगत, जमाखर्चाचा तक्ता, चौकटीतल्या जाहिराती आणि बक्षिसांची यादी असे सर्व प्रकारचे काम तिच्यात एकत्र सापडते.

प्रथम यंत्राची नोंद कागदावर करावी. प्रोसेसर ८०८८ आहे, ८०२८६ आहे की ८०३८६, स्मृती ६४० केबीच आहे की त्यापुढेही काही आहे, हार्ड डिस्क किती एमबीची आहे, डिस्प्ले कार्ड कोणते आहे आणि फ्लॉपी ड्राइव्ह कोणत्या जातीचा आहे, एवढे कळले तरी अर्धी निवड आपोआप होते. ६४० केबी हा आकडा फसवा असतो. डॉस, माउसचा ड्रायव्हर आणि स्मृतीत ठाण मांडून बसणारे इतर छोटे प्रोग्राम वजा जाता जे उरते तेच अक्षरजुळणीच्या वाट्याला येते, म्हणून सुरुवातीच्या फाइलींतून अनावश्यक ओळी काढून टाकल्याशिवाय एखादे सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर चालत नाही असा निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर प्रिंटर. आपल्याकडे त्या काळी घरोघरी आणि कचेऱ्यांतून होता तो ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स. एप्सनच्या एफएक्स मालिकेशी जुळणारा असा प्रिंटर ग्राफिक्समध्ये आडवे २४० आणि उभे २१६ ठिपके दर इंचाला देऊ शकतो, परंतु उभी २१६ ही घनता तो एका फेरीत देत नाही. डोके एकाच पट्टीवरून तीन वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीनंतर कागद इंचाच्या २१६ व्या भागाने पुढे सरकतो. रोमन अक्षरात हा सरकणारा कागद जरा चुकला तरी खपून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषा लगेच चुगली करते. रबरी रोलर गुळगुळीत झालेला असेल तर एकाच ओळीच्या डोक्यावर दोन रेषा दिसतात, पहिली काळी आणि तिच्याखाली केसाएवढ्या अंतरावर दुसरी पुसट. माझ्या प्रिंटरवर मी हा दोष आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो. शेवटी स्पिरिटने रोलर पुसला आणि कडेला भोके असलेला सलग कागद ट्रॅक्टरवर चढवला तेव्हा शिरोरेषा एकसंध झाली. लेझर प्रिंटर मिळाला तर चांगलेच, पण त्याचीही स्मृती पाहावी. ए-फोर आकाराचे पूर्ण पान दर इंचाला ३०० ठिपक्यांनी चित्र म्हणून पाठवायचे तर सुमारे १ एमबी लागतो आणि १९८४ च्या पहिल्या लेझरजेटमध्ये अवघी १२८ केबी स्मृती होती.

आता सॉफ्टवेअरच्या दोन घराण्यांकडे यावे. एका घराण्यात पान डोळ्यांसमोर मांडले जाते, दुसऱ्यात मजकुरात खुणा लिहून तो यंत्राच्या हवाली केला जातो. पहिल्या घराण्यातले प्रसिद्ध नाव अल्डसचे पेजमेकर. ते १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर आले, त्याच वर्षी ॲपलचा पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी भाषा) समजणारा लेझरप्रिंटरही आला, आणि या जोडीमुळेच डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्द रुळला. पीसीवर ते १९८७ मध्ये विंडोजच्या आधाराने आले. मात्र ८०२८६ च्या खालच्या यंत्रावर त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातींच्या चौकटी आणि मुखपृष्ठ यांसाठी त्याच्यासारखे सोयीचे काही नाही. व्हेंच्युरा पब्लिशर १९८६ चे, डिजिटल रिसर्चच्या जेम या विंडोजसारख्या चित्रमय पडद्यावर चालणारे, आणि एक्सटीवरही निभावणारे. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. मजकूर त्याच्या पोटात जात नाही, आपण वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्राममध्ये टाइप केलेली फाइल बाहेरच राहते, व्हेंच्युरा फक्त परिच्छेदांना नावे देते आणि प्रत्येक नावाचे वळण वेगळ्या फाइलीत ठेवते. त्यामुळे बक्षिसांच्या यादीतली सगळी उपशीर्षके एका जागी बदल करून बदलतात.

दुसऱ्या घराण्यात पीसीवर विचारात घ्यावे असे मुख्यतः एकच, ते म्हणजे टेक. इंग्रजीत टी, ई, एक्स अशी अक्षरे लिहितात, उच्चार मात्र टेक असा होतो. स्टॅनफर्डचे गणिती डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ते लिहिण्यास आरंभ केला, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक ही वापरायला सोपी आज्ञावली रचली, आणि एबरहार्ड मॅटेस यांनी डॉससाठी एमटेक या नावाने त्याची विनामूल्य मांडणी केली. एमटेकमध्ये साध्या पीसीसाठी एक टेक, मोठ्या कामांसाठी दुसरा आणि ८०३८६ साठी तिसरा असे वेगवेगळे प्रोग्राम असतात. नवखा माणूस हमखास ३८६ चा प्रोग्राम एक्सटीवर चालवतो आणि संच बिघडलेला आहे असे समजतो. टेकची खरी ताकद परिच्छेदात दिसते. ओळ भरली की तोडायची, असे ते करत नाही. संपूर्ण परिच्छेद वाचून कुठे तोडल्याने सर्व ओळी मिळून कमीत कमी ओढाताण होईल ते ठरवते. शिवाय त्याचे फळ, म्हणजे जुळवलेल्या पानांची डीव्हीआय फाइल, कोणत्याही प्रिंटरला बांधलेली नसते. पडद्यावर पाहण्यासाठी एक ड्रायव्हर, डॉट मॅट्रिक्ससाठी दुसरा, लेझरजेटसाठी तिसरा, असे एमटेकबरोबरच येतात, आणि एफएक्स जातीच्या प्रिंटरसाठी २४० बाय २१६ घनतेचे तयार टाइपही (फॉन्ट) त्याच संग्रहात मिळतात. ज्याच्याकडे हर्क्युलिस कार्डाचा ७२० बाय ३४८ बिंदूंचा काळा-हिरवा पडदा आहे त्यालाही पान आधी पाहता येते.

पीसीऐवजी अटारी, अमिगा किंवा मॅकिन्टॉश हे त्या काळचे इतर संगणक असतील तर थोडक्यात एवढेच: अटारीवर कॅलमस, अमिगावर पासटेक आणि जुन्या मॅकवर ओझटेक शोधावे; बाकी विवेक तोच.

शोधावे कुठे, याचे उत्तर सॉफ्टवेअरच्या घराण्यावर अवलंबून आहे. टेकशी संबंधित सर्व काही सीटॅन या इंटरनेटवरच्या संग्रहात, एमएस-डॉसच्या विभागात, आजही विनामूल्य मिळते. व्हेंच्युरा आणि पेजमेकर यांची गोष्ट निराळी आहे. त्या कंपन्या विकल्या गेल्या, अल्डस १९९४ मध्ये अडोबीत विलीन झाली, व्हेंच्युरा कोरेलकडे गेले; पण माल जुना झाला म्हणून हक्क संपले असे होत नाही. म्हणून मूळ डब्यासह विकणारा शोधावा, चोरबाजारात आणि बंद झालेल्या छापखान्यांच्या भंगारात असे डबे अधूनमधून सापडतात. घेताना फ्लॉप्या मोजाव्यात, प्रत्येकीचे झाकण सरकवून चकतीवर पांढुरके ठिपके नाहीत ना ते पाहावे, कारण आपल्या पावसाळ्यात बुरशी फ्लॉपीला सोडत नाही आणि बुरशीची एक फ्लॉपी ड्राइव्हचे डोके माखून पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही बिघडवते. आणखी एक. भारतीय लिपींच्या व्यावसायिक पॅकेजांना अनेकदा प्रिंटरच्या पोर्टवर लावायचे हार्डवेअर लॉक असे, ते लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नसे. एका दुकानदाराने मला पुस्तिका, फ्लॉप्या, पावती असा परिपूर्ण डबा दिला, लॉक मात्र नव्हते. तो डबा आता माझ्याकडे शोभेला आहे.

विकत घेण्यापूर्वी ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, आपल्याच यंत्राची नक्कल उभी करून चाचणी घेता येते आणि ती घ्यावीच. फाइली प्रत्यक्ष यंत्रावर नेताना दोन सापळे आहेत. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहिलेली ३६० केबीची फ्लॉपी जुन्या ३६० केबीच्या ड्राइव्हला पुष्कळदा वाचता येत नाही, कारण नव्या डोक्याचा माग अरुंद असतो आणि जुने डोके शेजारचा कचराही वाचते. त्यापेक्षा सीरियल पोर्टला नल-मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी तार) लावून कर्मिट या फाइली पाठवण्याच्या प्रोग्रामने त्या पाठवणे सुरक्षित. मात्र कर्मिटला फाइल बायनरी आहे असे सांगण्यास विसरू नये. टाइपच्या फाइली मजकूर समजून पाठवल्या गेल्या तर त्या पोहोचतात, पण बाद होऊन पोहोचतात.

आता मराठीचा प्रश्न, आणि निवडीचा खरा कस इथेच लागतो. प्रत्येक पॅकेजविषयी एकच गोष्ट विचारावी: ते मजकूर अक्षरे म्हणून साठवते की आकार म्हणून? व्हेंच्युरा किंवा पेजमेकर यांना जोडाक्षरांचे नियम ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी केलेल्या देवनागरी टाइपांत काना, वेलांटी, अर्धी अक्षरे हे सारे सुटे तुकडे असत आणि फाइलीत त्या तुकड्यांचे क्रमांक जात. टाइप हरवला की मजकूर वाचता येत नाही. याउलट पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड, जे पीसीच्या खाचेत बसवले की वर्डस्टारसारख्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी दिसत असे, मजकूर इस्की या भारतीय लिपींच्या संकेत-प्रमाणाने अक्षर म्हणून साठवत होते. युनिकोडमधील भारतीय लिपींची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्याने तो मजकूर आजही सहज वाचता येतो. कार्ड मात्र क्वचितच सापडते.

टेकच्या बाजूने फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये केलेला देवनागरीचा संच आहे आणि स्मरणिकेच्या मजकुरासाठी माझी निवड हीच आहे. यात मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाते: आ साठी ए दोनदा, ट साठी आधी टिंब आणि मग टी, ळ साठी मोठा एल. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटते, चौथ्या दिवशी बोटे सरावतात. ती फाइल एका छोट्या पूर्वप्रक्रियेतून जाते आणि मग टेककडे येते. ही पूर्वप्रक्रिया आजच्या संगणकावर उरकून तयार फाइल जुन्या यंत्रावर नेली तरी चालते. टाइपांचेही तसेच: मेटाफॉन्ट या टाइप घडवणाऱ्या प्रोग्रामला एक्सटीवर देवनागरी टाइप कोरायला लावणे ही सहनशक्तीची परीक्षा आहे, तेच काम नव्या संगणकावर आपल्या प्रिंटरच्या घनतेसाठी करून बिटमॅप फाइली नुसत्या उतरवून घ्याव्यात. या संचाच्या नंतरच्या आवृत्त्यांत अक्षरांचे मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे वेगळे पर्याय आहेत. अ, झ आणि ण यांची आपल्या डोळ्यांना सवयीची वळणे, जी निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी घराघरांत पोहोचवली, ती हवी असतील तर पर्याय तपासूनच टाइप उतरवावेत.

निवड पक्की करण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराकडून एकच चाचणीचे पान छापून घ्यावे. त्यात दुसऱ्या, तऱ्हा आणि कुऱ्हाड हे शब्द असावेत, कारण अर्ध्या र ची ही खूण हिंदीसाठी केलेल्या पॅकेजांत हमखास नसते आणि तिच्या जागी रफार उमटतो. ऑफिस आणि बँक असावेत, राष्ट्र आणि उद्ध्वस्त असावेत, पाकळीचा ल आणि देठाचा श दिसतील अशी एक ओळ असावी. त्याखाली जमाखर्चाचा चार ओळींचा तक्ता घालावा आणि रुपयांचे आकडे उजवीकडे एकाखाली एक येतात का ते फुटपट्टी लावून पाहावे. शेवटी एक लांब परिच्छेद अरुंद स्तंभात बसवावा. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, वेल्थुइसच्या रोमन लेखनाला इंग्रजीचे शब्दविच्छेदाचे नियम लागू पडत नाहीत, आणि टेक अशा वेळी ओळ समासाबाहेर जाऊ देऊन तक्रार नोंदवते. तेव्हा शब्दांमधल्या जागेच्या सैलपणाची मर्यादा वाढवावी किंवा सरळ दोन स्तंभांचा मोह सोडावा. मी स्मरणिका एका स्तंभात बसवली आणि जाहिरातींच्या चौकटी रिकाम्या सोडून त्यांत वेगळ्या छापलेल्या जाहिराती डिंकाने चिकटवल्या. मग ती पाने गिरगावातल्या ऑफसेटवाल्याकडे दिली, तर त्याने फक्त एवढेच विचारले की शिरोरेषा इतकी करवतीसारखी का आहे.