ब्रिटनमधल्या आगगाड्यांचे घरातले जुने फोटो: ओळखायचे कसे, दाखवायचे कसे आणि आठवणी बोलत्या करायच्या कशा

१९५० आणि ६० च्या दशकांत ज्या मराठी घरांतलं कुणी डॉक्टरकीच्या पुढच्या परीक्षांसाठी, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी विलायतेला गेलं, त्या घरांत सहसा एक तरी असा अल्बम असतोच. मुंबईहून बोटीनं, बहुधा सुएझ कालव्यातून, लंडनजवळचं टिलबरी बंदर गाठायचं आणि तिथून बोटीच्या प्रवाशांसाठी सोडलेल्या खास गाडीनं लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन. म्हणजे त्या देशात पाऊल ठेवल्यावर पहिला आसरा आगगाडीचाच. म्हणून अल्बममध्ये फलाट आहेत, धुरात हरवलेली इंजिनं आहेत, डब्याच्या दाराशी ओव्हरकोट घालून उभी राहिलेली माणसं आहेत. फोटोखाली मात्र बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नाही. ज्यांना ते सांगता येईल ती माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

पहिली पायरी: आधी फोटोंचा जीव वाचवा

चिकट पानांवर पारदर्शक प्लास्टिक ओढलेले अल्बम १९७० च्या दशकात घरोघरी आले आणि त्यांनीच फोटोंचं सर्वांत जास्त नुकसान केलं. चिकटलेला फोटो नखानं उचकटू नका. मेण न लावलेला दातांचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. तरीही निघत नसेल तर फोटो पानासकटच स्कॅन करा. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत काढता येत नाही. मागे लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूवर उमटतो.

एक विनंती. फोटो अल्बममधून काढण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. कुठला फोटो कुणाशेजारी होता यातही माहिती असते. सहा फोटो एकाच प्रवासातले आहेत हे एकदा सुटे केले की पुन्हा कळत नाही.

दुसरी पायरी: स्कॅन, पण जरा मोठ्या आकारात

कागदी प्रिंट किमान ६०० डीपीआयला (दर इंचातले ठिपके) स्कॅन करा. त्या काळातले प्रिंट तळहाताएवढे असायचे आणि आपल्याला हवा असलेला इंजिनाचा क्रमांक त्यात मुंगीएवढा असतो. निगेटिव्ह आणि स्लाइड २४०० डीपीआय किंवा त्याहून जास्त. एक मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात) ठेवून द्या, वाटायला जेपेग करा. ओरखडे पुसणं, रंग सुधारणं हे सगळं प्रतीवर करा, मुळावर नाही. कृष्णधवल फोटो आपोआप रंगीत करून देणारी साधनं इथे अजिबात वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती इंजिनाला मनानं रंग देतात, आणि रंग हाच तर आपला एक पुरावा असतो.

निगेटिव्ह उलटी स्कॅन झाली की डावं-उजवं बदलतं. पाटीवरची अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं. पाटी नसेल तर रूळ पाहा. ब्रिटनमध्येही आपल्यासारख्याच गाड्या डाव्या रुळांवरून धावतात. त्यामुळे दुहेरी मार्गाच्या लांबीच्या दिशेनं पाहत उभं राहिलं की आपल्याकडे येणारी गाडी साधारणपणे उजव्या हाताच्या रुळांवर दिसायला हवी.

तिसरी पायरी: फोटोची पाठ वाचा

लोक पाठ बघतच नाहीत. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, धुलाईचा क्रमांक असतो, कधी अर्धं वाक्य असतं. कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पुष्कळदा धुलाईचा महिना आणि वर्ष छापलेलं सापडतं. ही तारीख धुलाईची आहे हे लक्षात ठेवा, रोल महिनोन् महिने कॅमेऱ्यात पडून राहायचा.

धावत्या गाडीचा फोटो पुसट आला असेल तर तो टाकून देऊ नका. १९५२ साली आलेला कोडॅकचा ब्राउनी १२७ हा त्या काळचा घरगुती कॅमेरा. एका रोलवर आठच फोटो, शटरचा वेग एकच आणि तोही मंद. उभी गाडी छान यायची, धावती फराटा मारल्यासारखी. आठांपैकी एक फोटो ज्यानं धावत्या गाडीवर खर्च केला, त्याला ती गाडी किती भावली असेल!

चौथी पायरी: इंजिन वाचा

खरी मजा इथून सुरू होते. रेल्वेतलं काही कळत नसलं तरी चालेल, चार-पाच खुणा पुरतात.

सगळ्यात आधी क्रमांक. ब्रिटनच्या रेल्वे १ जानेवारी १९४८ रोजी सरकारी मालकीच्या झाल्या. त्याआधी चार मोठ्या कंपन्या होत्या: ग्रेट वेस्टर्न, सदर्न, एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) आणि एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न). सरकारीकरणानंतर क्रमांकांचा घोळ टाळण्यासाठी सदर्नच्या इंजिनांच्या क्रमांकात ३०,००० मिळवले, एलएमएसच्या ४०,००० आणि एलएनईआरच्या ६०,०००. नव्यानं बांधलेल्या प्रमाणित इंजिनांचे क्रमांक ७०,००० पासून पुढे सुरू झाले. ग्रेट वेस्टर्नचे तेवढे जुनेच राहिले, चालकाच्या खोलीच्या बाजूला ठसठशीत धातूच्या पट्टीवर, बहुधा चार आकडी. म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या तोंडावर पाच आकडी क्रमांक असेल आणि तो ४ नं सुरू होत असेल, तर फोटो १९४८ नंतरचा आणि इंजिन मूळचं एलएमएसच्या घराण्यातलं, असं पुष्कळदा धरता येतं. क्रमांकाच्या खाली, तोंडाच्या गोल झाकणाच्या तळाशी, एक छोटी अंडाकृती पट्टी असते. त्यावर इंजिन कुठल्या शेडचं (जिथे इंजिनं मुक्कामाला ठेवतात त्या ठिकाणाचं) ते सांकेतिक अक्षरांत असतं. ८१ए म्हणजे लंडनचं ओल्ड ओक कॉमन, ३४ए म्हणजे किंग्ज क्रॉस.

मग टेंडरवरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचं, सरकारी रेल्वेचं चिन्ह. चाकावर पाय रोवून उभा असलेला सिंह असेल तर ते जुनं चिन्ह. मुकुटातून वर आलेला आणि पंजात चाक धरलेला सिंह १९५६ पासूनचा. डिझेलवर किंवा फलाटावर दोन उलट्या दिशांचे बाण असतील तर फोटो १९६५ किंवा त्यानंतरचा.

डब्याच्या दारावर मोठा ३ असेल तर तिसरा वर्ग. तो १९५६ च्या जूनमध्ये नावापुरता संपला आणि त्याचाच दुसरा वर्ग झाला. रंगीत फोटोत स्टेशनच्या पाटीचा रंग पाहा, सरकारी रेल्वेच्या प्रत्येक विभागाचा वेगळा होता: पश्चिम विभागाची चॉकलेटी, दक्षिणेची हिरवी, लंडन मिडलंडची किरमिजी, पूर्वेची गडद निळी, ईशान्येची नारिंगी, स्कॉटलंडची फिकट निळी. इंजिनासमोरच्या तुळईवर दोन टोकांना दोन दिवे म्हणजे जलद गाडी, धुराड्याच्या पायाशी एकच दिवा म्हणजे थांबत जाणारी साधी पॅसेंजर. सदर्नकडे या जागी पांढऱ्या चकत्या असत आणि त्या मार्ग सांगत, हा अपवाद ध्यानात ठेवा.

शेवटची मर्यादा तर पक्की आहे. ब्रिटिश रेल्वेची मोठ्या मार्गांवरची वाफेची सेवा ११ ऑगस्ट १९६८ रोजीच्या निरोपाच्या गाडीनं संपली. त्यानंतरच्या फोटोत वाफेचं इंजिन दिसलं तर ते बहुधा हौशी लोकांनी जपलेलं.

एकाच खुणेवर मात्र विसंबू नका. 'फ्लाइंग स्कॉट्समन' या प्रसिद्ध इंजिनावर ४४७२ हा आकडा दिसला की लोक लगेच युद्धापूर्वीचा फोटो म्हणतात. सरकारी काळात त्याचा क्रमांक ६०१०३ होता हे खरं. पण १९६३ साली ते खाजगी मालकीत गेलं आणि जुन्या रंगासह ४४७२ हा आकडाही त्याच्यावर परत आला. फोटो आजोबांचा आहे की काकांचा, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कोटावरूनच ठरवावं लागतं.

पाचवी पायरी: आता फोटो माणसांना दाखवा

आमच्या घरातलं एक उदाहरण सांगतो. फोटो इंग्लंडमधल्या क्रू (Crewe) या गावाच्या स्टेशनवरचा. काकू फलाटावर उभ्या, ओव्हरकोटाखालून साडीचा भिजलेला काठ दिसतोय. मागे इंजिन. क्रमांकाचे पहिले तीन आकडे ४६२, पुढचे वाफेत बुडालेले. टेंडरवर नवं चिन्ह. इंजिनाच्या अंगावर विजेच्या तारांपासून सावध करणाऱ्या छोट्या पाट्या, ज्या १९६० च्या सुमारास लागायला लागल्या. ४६२ नं सुरू होणारी सगळी इंजिनं १९६४ सरेपर्यंत सेवेतून निघाली. म्हणजे इंजिनानं आम्हाला चार-पाच वर्षांच्या खिडकीपर्यंत आणून सोडलं.

काकूंना विचारलं, "हे कुठल्या साली?" त्या म्हणाल्या, "आता कुठलं आठवायला!" संभाषण तिथेच संपलं असतं. मग विचारलं, "काकू, हातातल्या पिशवीत काय होतं?" त्या फोटोकडे बघत राहिल्या. "त्यात ह्यांची पुस्तकं. ग्लासगोला परीक्षेला गेलो होतो ना. क्रूला गाडी बदलायची, श्रूजबरीला जायला. पास झाले म्हणून तर रोलमधला शेवटचा फोटो माझा काढला, नाहीतर सगळे इंजिनांचेच काढायचे." परीक्षेचं प्रमाणपत्र कपाटात होतंच. त्यावर साल १९६१.

म्हणून माझा आग्रह असा की साल विचारू नका, वस्तू विचारा. कोट कुणाचा? उसना होता का? फलाटावर चहा मिळायचा का, आणि तो पिण्यासारखा असायचा का? डब्यात ऊब होती का? खिडकीचा चामडी पट्टा ओढून काच खाली करायची, तो कुणी ओढला? समोरच्या बाकावरची माणसं बोलायची का? या शेवटच्या प्रश्नाला कधी कधी कडू उत्तर येतं. भाड्याच्या खोलीसाठी दारं बंद झाल्याच्या, नोकरी नाकारल्याच्या आठवणी आगगाडीच्या गोष्टीतून अलगद बाहेर येतात. तेव्हा घाईनं विषय बदलू नका, समजूत घालू नका. ऐका.

बैठकीचं तंत्र थोडक्यात सांगतो. एका वेळी पाच-सहा फोटोच न्या. स्क्रीनपेक्षा मोठे प्रिंट बरे, हातात धरता येतात, नाकाशी नेता येतात. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि फोन बाजूला ठेवा. प्रत्येक फोटो हातात घेताना त्याचा क्रमांक मोठ्यानं म्हणा, नाहीतर नंतर ऐकताना "हा बघ, हा" म्हणजे कुठला ते कळणार नाही. आणि इंजिनाच्या पुराव्यानं आठवणीला तिथल्या तिथे खोटं पाडू नका. काकांना ते इंजिन हिरवं आठवतंय आणि स्लाइडमध्ये ते किरमिजी दिसतंय, तर दोन्ही लिहून ठेवा. दोन भावंडांच्या दोन हकिकती निघाल्या तर दोन्ही ठेवा.

सहावी पायरी: नोंद आणि वाटप

प्रत्येक फोटोला एक नोंद हवी: कोण, कुठे, केव्हा, फोटो कुणी काढला, आणि हे कुणी सांगितलं. "नक्की" आणि "अंदाज" हे दोन शब्द मनापासून वापरा. "१९६१, नक्की, प्रमाणपत्रावरून" आणि "१९५८ च्या आसपास, अंदाज, चिन्हावरून" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या पिढीला तुमचा अंदाज सत्य म्हणून मिळू नये. फाइलच्या नावात साल, ठिकाण आणि माणूस घाला. स्कॅनर फाइलवर स्कॅन केल्याची तारीख टाकतो, ती बदलून घ्या.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खा अल्बम एकदम ओतू नका. दोनशे फोटो आले की अंगठे येतात, आठवणी येत नाहीत. रविवारी सकाळी एक फोटो टाका आणि एक प्रश्न विचारा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबून लहान होत नाही.

घराबाहेर दाखवायचे असतील तर दोन गोष्टी पाहा. फोटोत हयात माणसं असतील तर त्यांना विचारा, आणि मागे लिहिलेले पत्ते झाका. हक्काचंही बघा. ब्रिटनमध्ये फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. काकांनी काढलेला फोटो त्यांच्या वारसांचा, पण फलाटावर विकत घेतलेलं चित्रकार्ड अल्बममध्ये असलं तरी ते आपलं नाही. जाणकारांकडून स्टेशन ओळखून घ्यायचं असेल तर माणसं वगळून इंजिन, सिग्नल, छप्पर आणि मागच्या इमारतींचा तुकडा पाठवा. सिग्नलच्या केबिनवरून स्टेशन सांगणारे लोक ब्रिटनमध्ये खरोखर आहेत. १९६३ च्या, ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालात २,३६३ स्टेशनं आणि थांबे बंद करायची शिफारस होती. त्यांतली बरीच बंद झालीही, आणि अशा एखाद्या स्टेशनचा घरगुती फोटो तिथल्या गावकऱ्यांना फार मोलाचा वाटतो. संग्रह मोठा आणि नोंदींसह असेल तर यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला आधी पत्र लिहून विचारावं, न विचारता पेटी पाठवू नये.

जमलं तर: गाडीत बसवा

तिकडे राहणारी नातवंडं असतील तर त्यांना हे काम द्या. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे १९६० पासून आणि यॉर्कशरमधली कीथली अँड वर्थ व्हॅली १९६८ पासून हौशी लोकांनी चालवलेल्या आहेत. तिथे वाफेची इंजिनं आणि जुने डबे अजून धावतात. रोज धावत नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी पाहा. आजी-आजोबा तिकडे असतील तर त्यांना घेऊन जा आणि जुन्या पद्धतीच्या, वेगवेगळ्या खोल्यांच्या डब्यात बसवा. पुण्या-नाशकात असतील तर फलाटावरून व्हिडिओ कॉल लावा, इंजिन सुटण्याच्या पाच मिनिटं आधी. फोन त्यांच्या हातात द्यायला आणि त्यांचं बोलणं दुसऱ्या फोनवर टिपायला इकडेही कुणीतरी शेजारी हवं, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.