गोष्ट तुम्ही लिहा, चुका एआयला काढू द्या

सनावळ्या डोक्यात राहत नसतील तर त्या काळातली छोटी गोष्ट लिहून बघा. नाशिककरांनी २ मार्च १९३० घ्यावा: काळाराम मंदिराचे दरवाजे बंद, बाहेर दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी उभे सत्याग्रही आणि गर्दीत तुमचा कल्पित फुटाणेवाला. लिखाण स्वतःच करा, एआयला फक्त काळाशी न जुळणारे तपशील शोधायला सांगा. अर्ध्या रुपयाला ‘५० पैसे’ लिहिलंत, तर त्याने तिथेच अडवायला हवं. तेव्हा रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. दशमान नाणी १९५७ची. अशी ठेच जन्मात विसरत नाही! पण एआय बिनदिक्कत ठोकूनही देतो, म्हणून नावं-तारखा सार्वजनिक वाचनालयात पडताळा. आणि सत्याग्रहाचे नेते बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड यांच्या तोंडी मनाची वाक्यं घालू नका. बोलू द्या फुटाणेवाल्याला.