करंटचा हट्ट सोडून अंगणात करवंद लावताना

ब्लॅक करंटची आपली ओळख बहुधा आइस्क्रीमपुरतीच असते. त्या ओळखीवर विसंबून मीही एका रोपवाटिकेतून त्याचे रोप आणले आणि ते पहिल्याच मे महिन्यात वाळून गेले. करंटच्या झुडपाला हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी शेकडो तास मिळाली, तरच ते नीट फुलते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत पारा तिथवर उतरतच नाही. काळ्या, आंबटगोड फळांचे झुडूप घरी हवेच असेल, तर ठाण्यालगतच्या येऊरच्या उतारांवर कोणी न लावता वाढणारे करवंद लावावे.

येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात येते, त्यामुळे तिथून रोप उपटून आणू नये, आणि त्याची गरजही नाही. मे महिन्यात बाजारातून पानाच्या द्रोणातली पूर्ण काळी, मऊ करवंदे आणावीत. घरातली मुले एकेक करवंद फोडून आतून लाल निघाले तर ‘कोंबडा’ आणि पांढरे निघाले तर ‘कोंबडी’ असा खेळ मांडतातच. त्याच वेळी बिया एका वाटीत जमा करून घ्याव्यात. गर व चिकटपणा जाईपर्यंत त्या पाण्यात चोळून धुवाव्यात, दिवसभर सावलीत सुकवाव्यात आणि लगेच माती व शेणखताच्या मिश्रणाने भरलेल्या पिशवीत सुमारे १ सेंटिमीटर खोल पेराव्यात. पुढच्या वर्षासाठी बी जपून ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्याची उगवणक्षमता झपाट्याने घटते. बियांपासून वाढलेल्या झुडपाची फळे मूळ झाडासारखीच निघतील याची खात्री नसते. मोठ्या फळांचीच अपेक्षा असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या जातीचे गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळे फोडून केलेले रोप) मिळवावे; ते बियांच्या रोपापेक्षा लवकर फळते.

पिशवीतले रोप वर्षाचे झाले की पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत लावावे. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल पुरतो. ठाण्याच्या डोंगराकडील मुरमाड जमीन करवंदाला मानवते. नवी मुंबईत मात्र खाडीलगतच्या भराव टाकलेल्या जागेत पाणी साचण्याचा धोका असतो, आणि मुळांशी पाणी तुंबणे हीच एक गोष्ट या काटक झुडपाला सोसत नाही. अशा ठिकाणी फूटभर उंच वरंबा करून त्यावर रोप लावावे. गच्चीवर तळाला भोके पाडलेला अर्धा ड्रम चालतो, परंतु दिवसाचे सहा तास तरी ऊन हवेच. सावलीत नुसता पाला वाढतो.

जागा निवडताना काट्यांचा विचार मातीइतकाच करावा. करवंदाचे काटे टणक, जोडीने येणारे आणि बहुधा टोकाशी दुभंगलेले असतात, म्हणून पायवाट, झोपाळा आणि कपड्यांची दोरी यांपासून झुडूप चार फूट तरी दूर ठेवावे. कुंपणासाठी लावायचे असेल, तर हाच दोष गुण ठरतो. तेव्हा दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरते.

छाटणीच्या वेळेत माझी एकदा चूक झाली होती. झुडूप फार पसरले म्हणून मी डिसेंबरात त्याचे शेंडे खुडले आणि त्या वर्षी मोजकीच करवंदे हाती लागली, कारण फुलांचे झुपके फांद्यांच्या टोकांनाच येतात. छाटणी फळे उतरल्यावर, जूनच्या सुरुवातीला करावी. दाटीतल्या, वाळलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. कापताच पांढरा चीक गळतो, तो हाताला चिकटून काळा पडतो, म्हणून आधीच तळहाताला खोबरेल तेल चोळावे.

पाण्याचे फारसे कौतुक लागत नाही. पाऊस संपल्यावर पाणी हळूहळू कमी करावे. जानेवारीपासून जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येऊ लागतात, आणि फळे धरल्यावर आठवड्यातून दोनदा मुळांशी पाणी दिले तर ती भरतात. पिठ्या ढेकूण ही कापसासारखी पांढरी कीड दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

लोणच्यासाठी फळे एप्रिलमध्ये हिरवी व कडक असतानाच काढावीत, ती चिरून बिया काढाव्यात आणि चीक जाण्यासाठी मिठाच्या पाण्यात ठेवावीत. खाण्यासाठीची करवंदे मात्र काळी होईपर्यंत झाडावरच राहू द्यावीत, आणि वळवाचे ढग दिसू लागले की रोज सकाळी उतरवून घ्यावीत, कारण भिजलेले पिकले फळ दुसऱ्या दिवशी हाती लागेलच असे नाही.